डाळ शिजेल ते गाव

कुहीहून मामांचा फोन आला की नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या घरी उन्हाळा लागतो. कॅलेंडर, हवामान खातं आणि गच्चीवरच्या टाकीतलं उकळतं पाणी यांचं मत वेगळं असू शकतं, पण आई या बाबतीत फक्त तिच्या धाकट्या भावाचं ऐकते.

"भाचेबुवा, डाळ तयार हाय. पॉलिश नाई, पावडर नाई. धुऱ्यावरची तूर हाय. दोन शिट्ट्यांत लोणी!"

मामांचं शेत धानाचं. तूर होते ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धानाला नको असलेल्या जागेत. पण मामांच्या बोलण्यात धानाचा उल्लेख क्वचित येतो. धान पोट भरतं, तूर प्रतिष्ठा राखते. दरवर्षी ते एक पोतडी घेऊन येतात, ती खाटेवर ठेवतात आणि सत्काराला उत्तर द्यायला उभं राहिल्यासारखे दोन मिनिटं उभे राहतात. मग आई चहा टाकते.

यंदाही पोतडी आली. गच्चीवर जुनी चादर अंथरून आईने डाळ पसरली. सकाळी आठलाच ऊन असं होतं की चादरीच्या कडेला पाय टेकववत नव्हता. खाली आणून तिने डाळीला एरंडेल चोळलं, कडुनिंबाचा पाला खुडून ठेवला. एरंडेल, वाळका कडुनिंब आणि कूलरच्या नव्या गवतावर पडलेलं पहिलं पाणी, या तिन्हींचा मिळून जो वास होतो तो कुठल्या अत्तरवाल्याला सुचलेला नाही. सुचला तरी तो नागपूरबाहेर विकला जाणार नाही. हा वास आला की मला तो एक उन्हाळा आठवतो, ज्यात आमचं सगळं कुटुंब एक लहान कुकर घेऊन दुसऱ्या राज्यात गाव शोधत फिरत होतं.

त्या वर्षी मेधाला, म्हणजे माझ्या पत्नीला, बँकेत बढती मिळाली. बढतीबरोबर राज्य बदललं. मध्य प्रदेशात तीन ठिकाणी जागा होत्या: सिवनी, बैतूल आणि छिंदवाडा. त्यातलं एक निवडून महिनाअखेर कळवायचं होतं. नाही कळवलं तर बढती पुढच्या माणसाकडे जाणार होती, आणि पुढचा माणूस तयारच असतो. मेधाने या बढतीसाठी परीक्षा दिली होती, तीही मुलीच्या गोवरात आणि माझ्या वडिलांच्या आजारपणात. वडील गेल्यावर दीड वर्षाने तिचा निकाल लागला. माझं काम भाषांतराचं. ते कुठेही बसून होतं, त्यामुळे मला कुठे बसायचं आहे हे कुणी विचारलं नाही.

प्रश्न आईचा होता. तिला एकटीला सक्करदऱ्यात ठेवून जाणं मेधाला मान्य नव्हतं. तिने ते एका वाक्यात सांगून टाकलं: "आई येणार नसतील तर मी बढती नाकारते." हे वाक्य तिने आईसमोर उच्चारलं नाही. पण आमच्या घराच्या भिंती वडिलांनी कर्ज काढून बांधल्या आहेत, आणि कर्ज बेताचंच मिळालं, तितक्याच त्या पातळ आहेत. आईने ते ऐकलं असणार.

खरं म्हणजे नागपूरच्या माणसाला मध्य प्रदेश हे परराज्य वाटायला नको; नागपूर कधीकाळी त्याच राज्याची राजधानी होतं. मराठ्यांच्या फौजेबरोबर आमच्या वडिलांचे पूर्वज इकडे आले, असं आमच्या घरात सांगतात. ते घोड्यावर आले, असंही सांगतात. सगळ्यांचेच पूर्वज घोड्यावर आले. इतके घोडे तेव्हा होते का, त्यांना दाणा कोण घालत होतं, आणि स्वयंपाकाची भांडी कुणाच्या डोक्यावर होती, हे विचारलं की घरातले वडीलधारे विषय बदलतात. आमच्या आडनावाचा रंग पाहता पूर्वज हिशेब लिहायला आले असावेत, आणि घोड्याच्या मागून चालत आले असावेत. ते असो. पण त्या माणसाने येताना बायकोला गाव दाखवलं नसणार, पाणी दाखवलं नसणार. राजा थांबला तिथे लष्कर थांबलं, लष्कर थांबलं तिथे लिहिणारा थांबला, आणि तीन-चार पिढ्यांनंतर लोक त्या थांबण्याला 'आमचं गाव' म्हणू लागले.

तरीही स्थलांतराची बातमी फुटली तेव्हा घरी सल्लागारांची रीघ लागली. मनीषनगरला राहायला गेलेले माझे मेहुणे सगळ्यात आधी आले. सक्करदऱ्याहून मनीषनगरला गेलेला माणूस परदेशी स्थायिक झाल्याच्या थाटात बोलतो. "पहिले सहा महिने जड जातात," ते म्हणाले, "मग माणूस रुळतो." त्यांचा नवा फ्लॅट आमच्यापासून ऑटोने अर्ध्या तासावर आहे. त्यांनी 'कनेक्टिव्हिटी', 'अप्रिसिएशन' आणि 'फ्युचर' हे शब्द एका कप चहात संपवले. निघताना आईला म्हणाले, "काय मावशी, जाणार मग?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाहू ना. पाणी पाहावं लागन."

"पाणी?"

"डाळ शिजते का नाई ते. जिथं डाळ शिजन, तिथं मी येईन. नाई तं तुम्ही जा बाप्पा, मी इथंच बरी."

डाळ शिजण्यावरून मराठीत जो विनोद करता येतो तो मेहुण्यांनी तिथल्या तिथे केला. नंतर त्या उन्हाळ्यात तो भेटलेल्या प्रत्येकाने केला, वाचकांनीही आत्ता मनात केला असेल, तेव्हा पुढे जाऊ.

आईचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिच्या माहेरी मुलगी द्यायच्या आधी त्या गावच्या विहिरीच्या पाण्यावर डाळ शिजवून पाहत. जड पाण्यावर डाळ शिजत नाही, आणि जिथे डाळ शिजत नाही तिथे सरपण जास्त लागतं, पोट दुखतं, केस गळतात आणि सासू कटकट करते. नवऱ्या मुलाची पत्रिका पाहण्यापेक्षा ही पद्धत मला शास्त्रशुद्ध वाटते. वडिलांचं स्थळ आलं तेव्हा माझे आजोबा सक्करदऱ्याच्या नळाचं पाणी लोट्यात भरून कुहीला घेऊन गेले होते. डाळ शिजली, म्हणून मी आहे.

तेव्हा एका रविवारी पहाटे आम्ही गाडीत बसलो. मागच्या जागेत लहान कुकर, छोटा सिलिंडर, शेगडी, आणि एका पुरचुंडीत डाळ. घरातली रोजची डाळ कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची. ती या कामाला चालणार नव्हती. आईने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा पत्र्याचा मोठा डबा काढला. त्यात मामांची डाळ असते. तिला आमच्या घरी 'घरची डाळ' म्हणतात, आणि ती फक्त महत्त्वाच्या कामाला निघते. आईने कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढली. आधी जुनं संपवायचं, नवं वर टाकायचं, हा तिचा नियम. महत्त्वाची कामं आमच्या घरी फारशी निघत नाहीत.

सातवीतल्या आमच्या ओवीने गाव निवडण्याची आपली कसोटी जाहीर केली होती: मोबाईलला नेटवर्कच्या किती दांड्या येतात. मी मनातल्या मनात एक कसोटी ठरवली होती, वाचनालय आहे का, आणि असल्यास ते उघडतं का. मेधाची कसोटी महिनाअखेर ही होती.

सिवनीचा रस्ता जंगलातून जातो. मोहाची फुलं पडून संपत आली होती आणि तो गोड, जरा शिळा वास काचा बंद असूनही आत येत होता. गावाच्या तोंडाशी सिमेंटची भली मोठी कमान. कमानीवर स्वागत, स्वागताखाली स्वागत करणाऱ्यांची नावं, नावांखाली पदं. गावापेक्षा कमान मोठी असली की मला उगीच त्या गावाची काळजी वाटते. एक घर पाहिलं. घरमालक सद्गृहस्थ होते. खोल्या दाखवून झाल्यावर आई म्हणाली, "भैया, आधा लोटा पानी मिलेगा?"

त्यांनी फ्रीजमधून बाटली आणली.

"ठंडा नहीं. नल का. दाल पकाने को."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचनालयाबद्दल विचारायच्या बेतात होतो, तो बेत सोडून दिला. त्यांच्याच ओट्यावर आमची शेगडी लागली. शिट्ट्या झाल्या. कुकर उघडला तेव्हा पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे होती, भांडण झालेल्या भावांसारखी. आईने एक दाणा बोटात धरून दाबला. दाणा तसाच राहिला.

"हमारे यहाँ का पानी तो दूर-दूर तक मशहूर है, माताजी," गृहस्थ दुखावून म्हणाले.

"होगा," आई म्हणाली. "लेकिन दाल को मालूम नहीं."

मग आम्ही परत निघालो. मेधा गाडी चालवत होती. ओवी म्हणाली, "दांड्या मात्र चांगल्या होत्या," आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढच्या आठवड्यात मी एक काम केलं ज्याचा मला तेव्हा अभिमान वाटला. पाण्यातले क्षार मोजायचं एक पेनसारखं यंत्र मागवलं. रात्री जागून पाण्याचा जडपणा, चुना, डाळीची साल या विषयांवर जे मिळेल ते वाचलं. शिकलेल्या माणसाला घरातल्या प्रश्नावर काही सुचत नसलं की तो वाचत सुटतो. बैतूलला जाताना मी हे यंत्र शर्टाच्या खिशाला लावलं होतं.

वाटेत मुलताईला थांबलो. तापी तिथून निघते. आईने कुंडाला हात जोडले, थोडं पाणी डोळ्यांना लावलं आणि बरीच खूश दिसली. बैतूलच्या घरात माझ्या यंत्राने पाणी उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. मी तो आकडा सगळ्यांना दाखवला. घरमालकांनी तो दोनदा पाहिला आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. मग कुकर उघडला. डाळ जशी टाकली होती तशीच होती, फक्त गरम झाली होती.

"आई, यंत्र सांगतंय पाणी चांगलं आहे."

"मंग यंत्र शिजव," आई म्हणाली. गाडीत बसल्यावर बराच वेळाने पुन्हा म्हणाली, "इतकी मोठी नदी निघते अन् डाळ शिजत नाई. मंग निघाली काहून?"

यावर मेधा हसली. त्या उन्हाळ्यातलं तिचं ते शेवटचं मोकळं हसणं. त्यानंतर महिनाअखेर जवळ येऊ लागली आणि ती बँकेतून आल्यावर कूलरसमोर बसून राहू लागली. भिजल्या गवताचा वारा तोंडावर घेत, डोळे मिटून. मी चहा नेऊन ठेवला तर म्हणायची, "राहू दे, पिते." चहा तसाच राहायचा.

छिंदवाडा शेवटचं. सौंसरच्या पुढे घाट लागतो आणि घाट संपता संपता नागपूरची हवा मागे सुटते. गाडीतला एसी बंद करून आम्ही काचा खाली केल्या. तिथलं घर एका विधवा शिक्षिकेचं होतं, मराठी बोलणाऱ्या. मराठी त्यांची आपल्यासारखीच, फक्त मध्ये हिंदी बसवलेली. अंगणात आंबा, आंब्याखाली दगडी बाक. ओवीने फोन वर धरून अंगणभर फिरून पाहिलं आणि एक बोट वर केलं, म्हणजे एक दांडी. तरी ती बाकावर जाऊन बसली आणि उठायला तयार होईना.

आमची शेगडी लागायच्या आधीच बाई म्हणाल्या, "जेवायची वेळ आहे, असे कसे जाल?" त्यांच्या वरणात डाळीचा दाणा शोधूनही सापडला नसता. मेधाने दोनदा वाढून घेतलं. मी आशेने आईकडे पाहिलं. आई भात कालवत म्हणाली, "वरण झ्याक झालं हो बाई."

"इथलं पाणीच तसं आहे," बाई म्हणाल्या.

मग आमचा कुकर लागला. तोच ओटा, तोच नळ. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, शेजारच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. झाकण उघडलं. पिवळं पाणी, आणि तळाला टणक डाळ, पावसाळा सरल्यावर ओढ्याच्या तळाशी दिसणाऱ्या खडीसारखी.

"पण आजी," ओवी म्हणाली, "आत्ता तर आपण इथलंच वरण खाल्लं."

"त्यांनी सोडा टाकला असन."

शिक्षिकाबाईंनी ऐकलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आमच्या कुकरात वाकून पाहिलं, दोन दाणे उचलून तळहातावर घोळवले, आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "असेल तसं." एवढंच. मला तेव्हा वाटलं, बाई शालीन आहेत. त्या तळहातावर काय पाहत होत्या हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. माझं यंत्र खिशात होतं.

आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या घरात एक गोष्ट कुणाला सुचूच शकत नव्हती. पाण्यावर संशय घेता येत होता. तीन गावांवर, एका नदीवर, यंत्रावर आणि एका निरपराध बाईच्या सोड्यावर संशय घेऊन झाला होता. डाळीवर संशय घेणं म्हणजे मामांवर घेणं, मामांवर म्हणजे कुहीवर, आणि कुहीवर म्हणजे आईच्या चौदा वर्षांच्या परकरी वयावर. मी देवळात चप्पल काढताना मनात शंका ठेवून आत जाणारा माणूस. घोड्यांच्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारा. मीही त्या डाळीसमोर हात जोडून उभा होतो. प्रत्येक घरात असं काहीतरी फळीवर ठेवलेलं असतं, ज्याला कुणी तपासत नाही.

महिना संपायला दोन-तीन दिवस उरले. मेधाने नकार द्यायचं ठरवलं. तसं ती बोलली नाही, पण तिने छिंदवाड्याच्या बाईंना फोन करून "घर दुसऱ्या कुणाला द्या" असं सांगितलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे पुसत बसली. आई देवघरापाशी वाती वळत होती. एकाच घरात दोन बायका इतक्या शांतपणे कामं करू लागल्या की पुरुषाने गच्चीवर जावं. मी गेलो.

नेमके दुसऱ्या दिवशी मामा आले. त्या वर्षीची पोतडी घेऊन. ती खाटेवर ठेवली, नेहमीसारखे उभे राहिले. "पॉलिश नाई, पावडर नाई…"

आई म्हणाली, "हात-पाय धू बबन. आज घरच्या डाळीचं वरण टाकतो."

भाऊ जेवायला येणं हे महत्त्वाचं काम. पुन्हा स्टूल, पुन्हा पत्र्याचा डबा, पुन्हा कोपरापर्यंत हात. कुकर आमच्याच गॅसवर चढला, आमच्याच नळाच्या पाण्याने, ज्या पाण्याने माझ्या आजोबांचं समाधान केलं होतं. मी आंबे चिरत होतो. शिट्ट्या होत राहिल्या. मेधाने एकदा माझ्याकडे पाहिलं. आणखी शिट्ट्या झाल्या. ओवीने मोजायला सुरुवात केली होती ती कंटाळून सोडून दिली.

पानं वाढली. मामांच्या भाताच्या मुदीवर आईने वरण घातलं. पाणी भातातून खाली उतरून ताटभर झालं आणि मुदीवर डाळ राहिली, एकेक दाणा सुटा, खणखणीत. मामांनी घास घेतला. घरात फक्त कूलरचा आवाज होता, आणि त्यात मामांच्या दातांचा.

मामा पन्नास वर्षं शेती करतात. डाळ तोंडात आल्यावर ती कोणत्या सालची हे त्यांना कळू नये असं होणार नाही, आणि वर्षानुवर्षं डब्यात पडलेली डाळ कुठल्याच पाण्यावर शिजत नाही, हेही. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, खाटेवरच्या पोतडीकडे पाहिलं.

"कडक हाय थोडी," ते म्हणाले.

"आजी!" ओवीचा चेहरा उजळला. "म्हणजे डाळच—"

मेधाने तिच्या तोंडात आंब्याची फोड घातली. एवढ्या चपळाईने मेधाने काही केलेलं मी त्यानंतर पाहिलं नाही.

आईने आपल्या ताटातला एक दाणा उचलला. बोटात धरून दाबला. सिवनीत दाबला होता तसा, बैतूलला, छिंदवाड्याला दाबला होता तसा. बराच वेळ दाबून धरला. मग तो ताटाच्या कडेला ठेवला आणि हात धुतल्यासारखा पदराला पुसला.

"म्हंजे नागपूरचंही पाणी बिघडलं गा," ती म्हणाली.



"कधीचंच बिघडलं बाई!" मामा जवळजवळ ओरडले. आयुष्यात कुणाला इतकं हायसं वाटलेलं मी पाहिलं नाही. "मी तं कधीचा म्हणून राहिलो! आता काय राहिलं नागपुरात? पाणी हाय का ते?"

"मंग इथं राहून मी काय करू?" आई म्हणाली. तिने मेधाकडे पाहिलं. "काहून वं, त्या आंब्यावाल्या बाईचं घर गेलं का? विचार तं खरी. तिच्या हाताचं पाणी ऐकते."

मेधा उठली. फोन शोधायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. फोन तिच्या ताटाशेजारीच पडलेला होता.

तीन वर्षं आम्ही छिंदवाड्याला राहिलो. पत्र्याचा डबा ट्रकमध्ये चढला नाही, आईने तो गाडीत मांडीवर घेतला. तिथे तो उंच फळीवर गेला आणि रोजच्या वरणाला तिथल्या किराणावाल्याची डाळ येऊ लागली. ती तिथल्या नळाच्या पाण्यावर पहिल्या दिवसापासून मुकाट्याने शिजली. याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आई आणि शिक्षिकाबाई संध्याकाळी आंब्याखालच्या बाकावर बसायच्या. वाचनालय होतं, मंगळवार सोडून उघडं असे. मेधाची पुन्हा बदली झाली, आम्ही सक्करदऱ्याला परत आलो. घराला कुलूप होतं तोवर कोळ्यांनी संसार मांडले होते. पहिल्या दिवशी किराणावाल्याची डाळ टाकली, ती शिजली. आई म्हणाली, "सुधारलं वाटते पाणी." महापालिकेचं इतकं निरपेक्ष कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं माझ्या ऐकिवात नाही.

माणूस गाव निवडतो असं म्हणतात. मला अजून तसा माणूस भेटायचा आहे. गाव आधीच ठरलेलं असतं, बायकोच्या बँकेने ठरवलेलं, राजाने किंवा लग्नाने ठरवलेलं. आपण फक्त त्याला कारण शोधत फिरतो, कुणी कमानी पाहतं, कुणी दांड्या, कुणी खिशाला यंत्र लावतं. हो म्हणायचं आणि नाही म्हणायचं, ही दोन्ही कामं फार जड. स्वतःच्या तोंडाने 'मला इथून जायचं नाही' म्हणणं, तेही ज्या सुनेने आजारी सासऱ्यांच्या उशाशी बसून अभ्यास केला तिला, कुणाला जमलं असतं? मी असतो तर मी एखादा लेख लिहिला असता. आई जास्त सभ्य आहे.

हे सगळं मी आता म्हणतो. तेव्हापासून या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मला वाटत होतं की आईची चूक झाली, आणि त्या चुकीतून सुटायची वाट तिने ताटावर बसल्या बसल्या शोधली.

यंदा ओवीची बारावी झाली. तिला पुढे शिकायला दुसऱ्या राज्यात जायचं आहे. हैदराबाद, भुवनेश्वर की इंदूर यावर घरात महिनाभर चर्चा चालू आहे. मेहुणे मनीषनगरहून येऊन 'फ्युचर' सांगून गेले. मी पुन्हा वाचत सुटलो आहे. परवा ओवी मेधाबरोबर पहिलं गाव पाहायला निघाली. बॅगा दारात होत्या. आई आतून म्हणाली, "थांब वं, डाळ देतो. पाणी पाहून घेजो."

मेधाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मी स्टूल आणायला वळलो.

"स्टूल कायले?" आई म्हणाली. ती गच्चीवरून आणलेल्या यंदाच्या डाळीपाशी बसली होती. एरंडेलाने चकाकणारी, पिवळीधमक. त्यातल्या दोन मुठी तिने स्वच्छ फडक्यात बांधल्या आणि ओवीच्या हातात दिल्या.

ओवी आता मोठी झाली आहे. तिच्या तोंडात कुणी आंब्याची फोड घालू शकत नाही. ती म्हणाली, "आजी, डब्यातली का नाही? घरची?"

"तुले जायचं हाय ना?"

"हो."

"मंग ही ने. ही कुठंबी शिजते." तिने कडुनिंबाचा पाला पोतडीत खुपसला. "डब्यातली कुठंच नाई शिजत."

मेधाच्या हातातली गाडीची किल्ली वाजायची थांबली. मी फळीकडे पाहिलं. डबा होता तिथेच होता, झाकणावर थोडी धूळ.

"मग टाकून देऊ का ती?" ओवीने विचारलं.

"काहून?" आई म्हणाली. "राहू दे. अजून लागन."